परत आल्याची खूण

यंदा धुकं जरा लवकरच आलं. मंगळवारी सकाळी आमची बस टेकडी उतरून खालच्या वळणावर आली आणि समोरची नदीकाठची सगळी सपाटी नाहीशी झालेली. चर्चचं टोक आणि दोन-चार पॉपलरचे शेंडे तेवढे वर उरले होते. ड्रायव्हरने दिवे लावले, वेग कमी केला, आणि मागच्या सीटवर एकमेकींच्या फोनमध्ये डोकं घालून बसलेल्या शाळकरी पोरीसुद्धा बाहेर बघायला लागल्या. तीन वर्षांपूर्वी अशाच धुक्याच्या दिवसांत माझ्या हातून एक चूक झाली होती. तेव्हापासून हा ऋतू मला नुसता बघता येत नाही. बसमधल्या इतरांना ऑफिसला उशीर होईल याची काळजी होती.

मी विमानतळावर काम करते असं सांगितलं की आपल्या लोकांचे डोळे मोठे होतात. लंडनजवळ मेडनहेडला राहणारी माझी कॉलेजची मैत्रीण वैशाली पहिल्यांदा ऐकल्यावर म्हणाली होती, "हीथ्रोला का गं? मग आम्हाला लाउंजमध्ये सोड ना कधीतरी." मी म्हटलं, "बाई, आमच्याकडे लाउंज नाही. कॅफे आहे. त्यात टेबलं चार, त्यातलं एक डुगडुगतं." आमचा विमानतळ कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा आहे, जशी लायब्ररी कौन्सिलची असते किंवा पोहण्याचा तलाव असतो. एक रनवे, विमानं ठेवायची पत्र्याची तीन हँगर्स, वारा दाखवणारी एक केशरी पिशवी, आणि दोन किंवा चार माणसांची छोटी विमानं. कुठल्याही कंपनीचं प्रवासी विमान इथे उतरत नाही. उतरायचं म्हटलं तरी मावणार नाही.

मीही काही विमानांच्या प्रेमाने इथे आले नव्हते. कौन्सिलच्या पार्किंग परमिट विभागात होते. तो विभाग ऑनलाइन गेला, आणि आम्हा तिघींपैकी एकीला लायब्ररी मिळाली, एकीला नर्सरी आणि मला विमानतळाचं ऑफिस. नागपूरला बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "बेटा, तुला विमान उडवता येतं का?" त्यांना वाटलं, बढती झाली. गवत कापणारी मंडळीसुद्धा कौन्सिलचीच. बागा, कबरस्तान आणि विमानतळ यांची एकच यादी. जूनमध्ये गवत घोट्याच्या वर गेलं की पायलट कुरकुर करतात, आणि आमचा मॅनेजर इयन त्यांना शांतपणे सांगतो की आधी कबरस्तानाचा नंबर आहे. यावर कोणी भांडत नाही. बहुतेकांचं वय पाहता ते बरोबरच आहे.

ऑक्टोबरच्या शेवटापासून मात्र गवतापेक्षा धुक्याची वाट बघण्यात दिवस जातो. नदी जवळ, जमीन सखल, रात्री आभाळ मोकळं असलं की सकाळी हमखास धुकं. नऊ वाजता पाच-सहा म्हातारे पायलट कॅफेत येऊन बसतात. कॅफेवाली ट्रिश येणाऱ्या प्रत्येकाला ब्रिस्टलच्या रीतीने "माय लव्हर" म्हणते. पहिल्या दिवशी तिने मला तसं म्हटल्यावर मी मागे वळून पाहिलं होतं. सगळे खिडकीकडे तोंड करून चहा पितात. धुकं मोजायची त्यांची स्वतःची पद्धत आहे. आधी कुंपण दिसायला हवं, मग वाऱ्याची पिशवी, मग पलीकडच्या शेतातलं वाकडं ओकचं झाड. ओक दिसला की खुर्च्या सरकतात. तोवर बेकन तळल्याचा वास, ओल्या लोकरीचा वास, आणि दार उघडलं की पेट्रोलचा. बाहेर उभ्या विमानांच्या पंखांवरून पाणी थेंब थेंब गळत असतं. कोणी फारसं बोलत नाही. त्या ताटकळण्यात एक सुख असावं असं मला वाटायचं, कारण घरी इतका वेळ नुसतं बसलेलं त्यांना कोणी चालवून घेतलं नसतं.

माझं काम साधं. विमान निघण्याआधी पायलटने माझ्या खिडकीशी येऊन सांगायचं: विमान कोणतं, कुठे चाललो, आत माणसं किती, इंधन किती तासांचं, परत कधी. ते मी पेन्सिलीने कागदावर लिहायचं. परत आल्यावर त्याने पुन्हा खिडकीशी येऊन सही करायची, मग मी त्या ओळीपुढे बरोबरची खूण करायची. सांगितलेल्या वेळेला अर्धा तास उलटला आणि खूण नसली, तर फोन सुरू करायचे. आधी जिथे गेला त्या विमानतळाला, मग त्याच्या घरी, मग शोध घेणाऱ्यांना. वर आकाशात एकटा असलेल्या माणसाची जमिनीवर कोणाला तरी आठवण असावी, एवढाच त्या कागदाचा अर्थ.

पण ही म्हातारी मंडळी सही करायला कुठली येतात. उतरायचे, विमान हँगरकडे नेता नेता माझ्या खिडकीकडे पाहून हात हलवायचे आणि थेट कॅफेत. मी हात हलवून उत्तर द्यायची आणि खूण करून टाकायची. माझ्या जागी इथलीच एखादी बाई असती तर तिने खिडकी उघडून सरळ हाक मारली असती, सही राहिली म्हणून. मला ते जमायचं नाही. वडिलांच्या वयाच्या माणसाला परत बोलवून "इथे सही करा" म्हणायला जीभच रेटायची नाही. आपल्याकडे मोठ्या माणसाने हात वर केला की काम झालं, त्यावर पुन्हा विचारणं म्हणजे अविश्वास. मी माझ्या समजुतीने त्यांचा मान ठेवत होते.

त्यांच्यातले डेरेक सर्वांत वडील, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. तोंडावर मी त्यांना इथल्या रीतीने डेरेकच म्हणायची, मनात मात्र डेरेककाका. ब्रिस्टलला विमानांच्या कारखान्यात उभं आयुष्य काढलेलं, त्यामुळे हात कायम काहीतरी तपासत असायचे, खिडकीची कडी, माझ्या खुर्चीचा स्क्रू. माझं नाव इयनने पहिल्याच आठवड्यात तोडून 'सू' केलं होतं. डेरेककाका एक दिवस खिडकीशी उभे राहून म्हणाले, "मला पूर्ण नाव शिकव. इंजिनाचे भाग पाठ केलेत मी, हेही होईल." आणि चार-पाच दिवसांत "सुजाता" असं स्वच्छ म्हणायला लागले. परदेशात माणूस कशाने आपला होतो ते सांगता येत नाही. ते दर गुरुवारी उडायचे, कारण गुरुवारी त्यांची बायको मॉरीनकाकू घर झाडून पुसून काढायच्या आणि नवरा पायात घोटाळायला नको म्हणायच्या.

तो दिवसही गुरुवार. गुरुवारी रेडिओवर बसणाऱ्याची सुटी असते, पायलट आपापसात बोलून उतरतात. ओक दिसायला साडेदहा वाजले. डेरेककाका खिडकीशी आले, खाडीपलीकडे वेल्समध्ये एका छोट्या विमानतळावर सँडविच खाऊन दीडपर्यंत परत येतो म्हणाले. मी लिहिलं. एक वीसला धुकं पुन्हा विरळसं पसरायला लागलं होतं, तेवढ्यात निळ्या पट्ट्याचं पांढरं विमान उतरलं. काचेमागून कोणीतरी हात हलवला. मीही हलवला. डेरेककाकांच्या ओळीपुढे खूण केली आणि डबा उघडला. डब्यात मेथीचा पराठा होता हेसुद्धा मला आठवतं. निळ्या पट्ट्याची पांढरी विमानं आमच्याकडे दोन आहेत. उतरलेलं दुसरं होतं.

दोन वाजता मॉरीनकाकूंचा फोन आला. "सुजाता, आमचे साहेब पोचले का गं?" मी कागदाकडे पाहिलं आणि म्हटलं, "हो, केव्हाच उतरले. कॅफेत असतील." त्या हसल्या. "मग काय, जेवण विसरणारच," म्हणाल्या आणि फोन ठेवला. कॅफे माझ्या खुर्चीपासून तीस पावलांवर आहे. मी उठले नाही.

साडेतीनला ट्रिश आत आली. म्हणाली, डेरेकची गाडी अजून उभी आहे आणि माणूस तर सकाळी उडाल्यापासून कॅफेत आलाच नाही. आम्ही दोघी हँगरकडे धावलो. जागा रिकामी होती. इयनने शोध घेणाऱ्यांना फोन लावला, आणि हेलिकॉप्टरला ते वीस मिनिटांत सापडले. खाडी ओलांडून परत येताना इंजिन बंद पडलं होतं. डोंगरउताराच्या एका शेतात त्यांनी विमान उतरवलं, शेवटच्या बांधावर ते नाकावर आदळलं. गुडघ्याखाली पाय मोडला होता. रेडिओ गेला होता, फोन सीटखाली कुठेतरी पडला होता, आणि त्या शेतावर धुकं इतकं होतं की खालच्या रस्त्यावरून कोणाला काही दिसलं नाही. अडीच तास ते तसेच बसून होते. वीस मिनिटांचं काम होतं.

मी त्याच संध्याकाळी इयनला सगळं सांगितलं. पेन्सिलीची खूण होती, खोडता आली असती, असं पुढे कौन्सिलच्या ऑफिसात कोणीतरी थट्टेत म्हणालं. तसं माझ्या मनात आलं नाही, एवढं तरी मी स्वतःच्या बाजूने म्हणू शकते. कौन्सिलच्या आतल्या आत चौकशी झाली, लेखी ताकीद मिळाली, सहीचा नियम कडक झाला. ते सगळं मला पटलंही. शिक्षा मिळाली की निदान कुठे उभं राहायचं ते कळतं.

चौथ्या दिवशी मी हॉस्पिटलला गेले. फुलं घेतली होती आणि बोलायचं वाक्य बसमध्ये तयार केलं होतं. डेरेककाका उशीला टेकून बसले होते, थंडीने छातीत भरलं होतं, त्यामुळे आवाज घोगरा. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "तुला सांगू, मी घाबरलो नाही. पाय दुखत होता, पण भीती नाही वाटली. म्हटलं, दीड वाजून गेलाय, दोनला सुजाता फोन उचलेल. नुसतं बसून राहायचं. ती शोधतेच आहे." मी फुलं पलंगाच्या कडेला ठेवली, बसमधलं वाक्य तसंच राहिलं. मॉरीनकाकू पलंगाच्या पलीकडे उभ्या होत्या. त्यांना सगळं माहीत होतं. दोन वाजताचा तो फोन त्यांनीच तर केला होता.

त्या मला बाहेर कॉरिडॉरमध्ये घेऊन आल्या. "त्याला सांगू नकोस," म्हणाल्या. रागाने नाही, विनवून नाही, घरातली एखादी वस्तू कुठे ठेवायची ते सांगावं तसं. "ते अडीच तास त्याने तुझ्या भरवशावर काढले. ते त्याच्याकडे राहू दे. कौन्सिलचं पत्र आलं तर घरचं टपाल मीच उघडते." मी मान हलवली. तेव्हा मला सुटल्यासारखंच वाटलं, आणि या गोष्टीची मला अजून लाज वाटते.

पाय बरा झाला, पण त्यांना परत उडायची परवानगी मिळाली नाही. तरी गुरुवारी यायचे, आता मॉरीनकाकूंच्या गाडीतून, काठी टेकत. दोघं खिडकीजवळ बसायची. गर्दी असली की ट्रिशच्या मदतीला मी त्यांचा चहा नेऊन द्यायची. कोणी नवा पायलट भेटला की डेरेककाका माझ्याकडे बोट दाखवायचे. "हिने शोधलं मला." मग मला ती सबंध गोष्ट ऐकत उभं राहावं लागायचं. मॉरीनकाकू त्या वेळी चहात चमचा फिरवत असायच्या. त्या साखर घेत नसत. ऑगस्टमध्ये त्यांच्या झाडाचे प्लम्स माझ्यासाठी वेगळ्या पिशवीत यायचे आणि ते गोड असायचे.

माझी लेक मीरा तेव्हा अकरा वर्षांची होती. एकदा तिने प्लम खाता खाता विचारलं, "आई, पण हा लाय आहे ना? तुझा चूक होता, आणि तो तुला थँक यू बोलतो." मी म्हटलं, "मी खोटं काही सांगत नाही गं. फक्त बोलत नाही." ती म्हणाली, "सेमच आहे." इथे वाढलेल्या पोरांना व्याकरण नसेल जमत, पण त्यांचा नेम चुकत नाही. मी तिला अभ्यासाला बसवलं.

कोणी आपल्यावर विश्वास ठेवला तर माणूस ताठ होतो म्हणतात. मी तर त्या विश्वासाखाली वाकून चालायला शिकले. पण त्यातून एक चांगलंही झालं. आता मी उठून हँगरपर्यंत जाते. विमानाच्या शेपटीवरची अक्षरं वाचते. वयाने कितीही मोठा माणूस असो, खिडकी उघडून हाक मारते, "सही राहिली." पहिल्या वर्षी त्यांना राग आला, मग सवय झाली. पाऊस असला तरी येतात बिचारे, टोपी हातात घेऊन. मान ठेवणं म्हणजे विचारपूस टाळणं नव्हे, एवढी साधी गोष्ट कळायला मला एका माणसाचा पाय मोडावा लागला. या कामाचे आणखी किती गुरुवार उरलेत कोण जाणे. कौन्सिलमध्ये या जमिनीवर घरं बांधायचं बोलणं चालू आहे, अधूनमधून जाड बूट घातलेली मोजणीची माणसं येऊन कोपऱ्यात खुंट्या ठोकून जातात.

या जुलैमध्ये डेरेककाका गेले. झोपेतच, हृदय थांबून. क्रिमेटोरियमहून सगळे आमच्या कॅफेत आले, डेरेककाकांची तशीच इच्छा होती. त्यांच्या जुन्या मित्राने दोन शब्द बोलताना पुन्हा तीच गोष्ट सांगितली, शेत, धुकं, मोडका पाय, आणि शेवटी माझ्याकडे पाहून कप वर केला. सगळ्यांनी केले. मी काकडीचं सँडविच हातात धरून उभी होते. मला ओरडून सांगावंसं वाटलं, आणि ज्याला सांगायचं तो तर आता नव्हता. मला वाटलं, इथेच संपलं हे. ज्याची माफी मागायची तो माणूसच गेला.

मंगळवारचं धुकं गुरुवारपर्यंत टिकलं. दहाच्या सुमाराला मॉरीनकाकूंची गाडी आली, जुलैनंतर पहिल्यांदाच. त्या कॅफेत न जाता माझ्या ऑफिसमध्ये आल्या आणि भिंतीजवळच्या खुर्चीवर कोट न काढता बसल्या. मी केटल लावली. बाहेर कुंपणसुद्धा दिसत नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "तुम्ही तेव्हा मला सांभाळून घेतलंत. त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. मी रोज विचार करते त्यांचा."

"त्याचाच," त्या म्हणाल्या. "तुझ्याशी फोनवर बोलल्यानंतरच्या त्या दीड तासात मी काय करत होते, ठाऊक आहे तुला?"

मी नाही म्हटलं.

"तू म्हणालीस उतरला, कॅफेत असेल. मी स्वयंपाक करून बसले होते. अडीच वाजले, तीन वाजले. मी त्याला शिव्या दिल्या, सुजाता. भांडी आपटली. म्हटलं, या माणसाला कधी घर नकोच होतं, बावन्न वर्षं मी याचं ताट वाढतेय आणि हा तिथे दात काढत बसलाय. त्याचं जेवण कचऱ्यात टाकलं मी. मोठ्याने म्हटलं, येऊच नकोस. तो तेव्हा तिथे पाय मोडून माझ्याकडे यायची वाट बघत होता." त्यांचा आवाज चढला नाही. "त्याला हे सांगून मोकळं व्हायचं होतं मला. तो हसला असता, म्हणाला असता, वेडी आहेस. पण ते सांगायचं तर तुझा फोनही सांगावा लागला असता. मग नाही सांगितलं. आता तो नाहीच."

केटल बंद झाली. या तीन वर्षांत कितीतरी गुरुवारी मी या बाईसमोर कप ठेवला होता. कॉरिडॉरमधल्या त्या दिवसापासून मी तिला माझ्या बाजूची धरून चालले होते. माझी वाट बघणारा एकच माणूस आहे, शेतातला, असंच मला कायम वाटत आलं. स्वयंपाकघरातल्या माणसाकडे मी कधी पाहिलंच नव्हतं.

"तू मला एकदाही विचारलं नाहीस," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्यासमोर खाली बसले, फरशीवरच, नागपूरला आजारी माणसाच्या खाटेशी बसतात तशी. म्हटलं, "माझं चुकलं. मॉरीन, मी तुमच्याशी चुकले."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. हातमोजे काढून मांडीवर ठेवले.

"हो," त्या म्हणाल्या. "माझ्याशी."